सरांनी सांगितलं म्हणून

मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाईला लोक दोनच गोष्टी सांगतात. एक तर, "मॅडम, माह्या मनात काय चालू हाये, ओळखा बरं!" नाही तर, "आमच्या पोट्ट्याले अभ्यासाची गोडी लागन असं काही करा न." अठ्ठावीस वर्षं हे ऐकलं, आणि दोन्ही मला कधी जमलं नाही. साचले ते फक्त किस्से. घरात कॅरीबॅगा साचतात ना, तसे. मुद्दाम कोणी जमवत नाही. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी कोंबलेली असते, आणि एक ओढायला जावं तर दहा बाहेर येतात!

खामगावपासून तासाभराच्या अंतरावरचं आमचं कॉलेज. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथं आहेत. प्राचार्यांना सगळे 'मोठे सर' म्हणायचे, मीही तेच म्हणते. माझा आवडता धडा होता आज्ञापालनाचा. वरचा माणूस चुकीचं सांगतो तेव्हा खालचा माणूस ते का करतो, आणि एखादाच का करत नाही, असा सगळा मामला. मागच्या वर्षी मी रिटायर झाले. धडा सुटला, किस्से सुटले नाहीत.

*

धडा सुरू करायच्या आधी दर वर्षी मी एक खोडी करायची. वर्गात शिरायचं, हजेरी घ्यायची, चष्मा पुसायचा आणि अगदी कोरड्या आवाजात म्हणायचं, "शेजारच्याच्या वहीतलं एक पान फाडा."

बस्स! वर्गभर टर्र टर्र आवाज. कोणी 'काऊन' म्हणून विचारायचं नाही. ज्याचं पान फाटलं तोही ओरडायचा नाही, कारण तो स्वतः दुसऱ्याचं फाडण्यात गुंग! मग मी विचारायची, "का रे फाडलं?"

"तुम्ही म्हणलं न मॅडम!"

एका वर्षी मात्र एक पोरगी हाताची घडी घालून बसली. शबाना. अमडापूरची. बाजारात वडिलांचं बांगड्यांचं दुकान. मला तर नाचावंसं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी नाही म्हणत होतं! मी तिला उभं केलं, वर्गाला म्हटलं, "बघा, हिला म्हणतात स्वतःचं डोकं. सांग गं, तू का नाही फाडलंस?"

"मॅडम, शेजारी माही बहीण बसली हाये. तिची वही फाडली त घरी अम्मी मले जित्ती ठेवणार नाही!"

वर्ग फुटला. मीही हसले. घरी जाताना रिक्षात ते हसू टिकलं नाही. साठ पोरांत न ऐकणारी एकच निघाली, तीही आणखी मोठ्या साहेबाला घाबरून!

*

आमच्या स्टाफचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. मोठे सर काहीही टाकोत, खाली रांगेनं 'ओके सर', 'ओके सर', आणि मध्ये एखादा जोडलेल्या हातांचा इमोजी.

एकदा सकाळी मेसेज आला, "येताना कोथिंबीर आणि दोन लिंबं आणा."

घरच्या कोणासाठी असणार, चुकून आमच्या ग्रुपवर पडला. कोणीही म्हटलं असतं, सर, चुकून आलं. पाच मिनिटांत नऊ जणांचं 'ओके सर'! इंग्रजीच्या मॅडमनी तर 'नोटेड सर' लिहिलं!

पण इतिहासाचे तायडे सर खरंच घेऊन आले. एक जुडी, दोन लिंबं. मोठ्या सरांच्या टेबलावर ठेवून उभे राहिले. सर म्हणाले, "हे काय?"

"सर, आपला मेसेज होता. ताजी आहे सर, आत्ताच बाजारातून आणली."

आठवडाभर स्टाफरूमला दुसरा विषय नव्हता. मीही सोडलं नाही. विचारलं, "तायडे सर, चुकून आलाय हे समजलं नाही का हो तुम्हाला?"

तायडे सर डबा उघडत होते. झाकण हातात धरून म्हणाले, "समजलं होतं मॅडम. पण चुकून नसता आला, तर?"

त्यांची नोकरी पर्मनंट व्हायला अकरा वर्षं लागली होती. दर उन्हाळ्यात, जूनमध्ये आपलं नाव यादीत असेल की नाही या धाकात त्यांनी ती काढली होती. त्या दिवसानंतर मी कोथिंबिरीचा विषय काढला नाही.

*

एकदा वरून पत्र आलं, कॉलेजात तक्रारपेटी हवी. लगेच लाल पेटी आली, ऑफिसबाहेर भिंतीवर लागली, चावी मोठ्या सरांच्या खिशात गेली. सहा महिन्यांनी तपासणीला माणसं येणार म्हणून उघडली, तर आत एकच चिठ्ठी.

"ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची, पेटीची चावी त्यांच्याकडेच आहे."

सर लालबुंद! आधी अक्षर ओळखा म्हणाले. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गांना निबंध, 'विद्यार्थी जीवनात शिस्तीचे महत्त्व'. सगळं कॉलेज शिस्तीवर लिहीत बसलं. गठ्ठे मराठीच्या खंडारे सरांकडे गेले. हस्ताक्षराची पारख म्हणजे खंडारे सर. चिठ्ठी एका हातात, भिंग दुसऱ्या हातात, आठ दिवस ते मान खाली घालून बसले होते. वेलांटी बघ, उकार बघ, 'क्ष'ची गाठ बघ. शेवटी लेखी अहवाल दिला, "एकाही विद्यार्थ्याचे अक्षर जुळत नाही."

प्रकरण मिटलं.

खंडारे सर रिटायर झाले त्या दिवशी निरोपाचं भाषण त्यांनी लिहून आणलं होतं. बोलून झाल्यावर ते कागद त्यांनी माझ्या हातात दिले, "आठवण म्हणून ठेवा मॅडम." मी पहिल्या ओळीवर नजर टाकली आणि वर त्यांच्याकडे पाहिलं. तेच अक्षर!

ते हळूच म्हणाले, "आठ दिवस सगळ्यांची अक्षरं पाहिली मॅडम. माझं पाहावं असं कोणाच्या मनातच आलं नाही." मग जरा थांबून म्हणाले, "मी इतका गरीब दिसतो का हो?"

*

रहीमभाई आमचे गेटवरचे. चाळिशीत आले, गेटवरच म्हातारे झाले. परीक्षेच्या दिवसांत मोठ्या सरांचा हुकूम होता, "साडेदहानंतर देव आला तरी गेट उघडायचं नाही."

एका पेपराला संग्रामपूरकडून येणारी एसटी वाटेत पंक्चर झाली. तिच्यातली एक पोरगी दहा चाळीसला धापा टाकत गेटशी पोचली. गजांतून हॉल तिकीट आत धरलं. "चाचा, दहाच मिनिटं झाली जी. गाडी पंक्चर झाली." रहीमभाई म्हणाले, "बेटा, साहेबाचा हुकूम हाये." ती रडली नाही. पेपर सुटेस्तोवर गजांना धरून तिथंच उभी राहिली आणि घंटा झाल्यावर निघून गेली. पुढच्या वर्षी ती आलीच नाही. लग्न करून दिलं म्हणे.

ही बातमी कळली त्याच्या दुसऱ्या दिवशी रहीमभाई माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. आत येईनात.

"मॅडम, साहेबाचं ऐकणाऱ्या माणसाचा धडा तुम्हीच शिकवता न?"

"हो, रहीमभाई."

"त्यात गेटवाल्याचं काही लिहिलं हाये का?"

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. मी समजावलं. हुकूम सरांचा, नियम परीक्षेचा, पंक्चर एसटीची, तुमचा काय दोष? पुस्तकात असतं ते सगळं सांगून झालं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान हलवली.

"ते समदं बराबर हाये मॅडम," ते म्हणाले. "पण चाबी त माह्या हातात होती न."

*

आता माझा स्वतःचा. दुसऱ्यांचे सांगत सुटले आणि हा गाळला, तर तो लबाडपणा होईल.

बोर्डाची परीक्षा. एका हॉलवर मी होते. पेपर सुरू होऊन तासभर झाला असेल, केंद्रावरचे मुख्य आले. हसतमुख माणूस. "मॅडम, कधीच्या उभ्या आहात! ऑफिसात चहा ठेवलाय. वीस मिनिटं निवांत घ्या, इथं मी बघतो."

वीस मिनिटांत काय होणार, हे मला कळत नव्हतं का? धडा शिकवत होते मी! माणूस नाही कसं म्हणतो, त्याला काय काय लागतं, फळ्यावर मुद्दे काढून देत होते. आणि तोंडातून काय निघालं? "थँक्यू सर."

ऑफिसात आणखी तिघं होते, आपापला हॉल सोडून आलेले. आलं घातलेला चहा, बिस्किटं. कोणी कोणाच्या डोळ्याकडे पाहत नव्हतं. एकजण बराच वेळ पंख्याबद्दल बोलला, किती आवाज करतो म्हणून. चहा चांगला होता. तेच जास्त लागतं मला.

परत आले तर हॉल चिडीचूप. सगळे पेन सरसर चाललेले. शेवटच्या बाकावर एक पोरगी तेवढी खिडकीबाहेर पाहत बसलेली. माझ्याच वर्गातली, पहिल्या बाकावर बसून धडा लिहून घेणारी. तिचं अर्धं पान कोरं होतं. वेळ संपली, मी पेपर गोळा करत तिच्यापाशी गेले. तिनं पेपर दिला आणि अगदी साध्या आवाजात, पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "मॅडम, चहा झाला?"

*

केमिस्ट्रीचे सपकाळ सर तासिका तत्त्वावर होते. म्हणजे तास घ्याल तेवढे दिवस तुम्ही सर, मे महिना आला की कोणीच नाही. बारीक अंगाचा, खाली मान घालून चालणारा माणूस. कोणाशी कधी आवाज चढवून बोलला नसेल.

त्या वर्षी मुलींच्या हॉस्टेलवर तीन पोरींना कावीळ झाली. सपकाळ सरांनी आपण होऊन विहिरीचं पाणी तपासलं. त्याची छोटी बाटली मिळते, पाणी भरून दोन दिवस ठेवायची, दूषित असलं की काळी पडते. काळीकुट्ट पडली! ते मोठ्या सरांकडे गेले. सर म्हणाले, "एका बाटलीवर काय ठरतं? दुसरी लावा." दुसरी काळी. "तिसरी लावा." तिसरीही काळी. चौथीचं नाव निघालं तेव्हा खाली मान घालणाऱ्या सपकाळांनी मान वर केली.

"सर, बाटल्या संपतील. पाणी तेच राहील."

सरांनी दार लावून घेतलं. आतलं सगळं आम्हाला बाहेर ऐकू येत होतं. तपासणी जवळ आली आहे, 'पाणी पिण्यायोग्य' एवढं लिहून सही करा, पुढच्या वर्षीच्या तासांचं मी बघतो. सपकाळ सर बाहेर आले, प्रयोगशाळेत गेले, आणि तिन्ही काळ्या बाटल्या आणून नोटीस बोर्डाखालच्या टेबलावर ओळीनं मांडल्या. खाली चिठ्ठी, 'हॉस्टेलची विहीर'. तासाभरात बाटल्या गायब झाल्या. पण तोवर फोटो गावोगावच्या आईबापांच्या मोबाईलवर पोचले होते.

मग काय! पंधरा दिवसांत विहीर उपसली, आर.ओ. मशीन आलं, लाल फीत कापली, पेढे वाटले. सपकाळ सरांना बोलावणं नव्हतं. तीनपैकी दोघी पोरी बऱ्या झाल्या. तिसरी महिनाभर अकोल्याच्या दवाखान्यात होती, फीत कापली त्याच आठवड्यात गेली. तिच्यासाठी दोन मिनिटं उभं राहून झालं, आणि त्याच हॉलमध्ये पेढे.

जूनमध्ये टाइमटेबल लागलं, त्यात सपकाळांचं नाव नव्हतं. मीटिंगमध्ये मोठ्या सरांनी विचारलं, "कोणाला काही बोलायचं आहे?" पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मीही पंखाच ऐकत होते.

सामान न्यायला आले तेव्हा जिन्यात भेटले. मी आजूबाजूला पाहून घेतलं आणि म्हटलं, "सर, तुम्ही फार चांगलं केलंत." ते हसले.

"मॅडम, तुम्ही अठराव्या. अठरा जणांनी शाबासकी दिली मला. सगळ्यांनी आधी इकडेतिकडे पाहून!"

दोन वर्षांनी खामगावला स्टँडवर दिसले. एका तेलाच्या गिरणीत नमुने तपासायला लागले होते. विचारलं, बरं चाललंय ना? म्हणाले, "एकदम बरं मॅडम. तेल खराब आहे म्हटलं की इथं तेल परत पाठवतात. मला नाही!"

*

हा शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

अमेरिकेत फार वर्षांपूर्वी झालेला तो प्रयोग तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. कोट घातलेला माणूस सांगतो, साधा माणूस एकेक बटण दाबत जातो, आणि पलीकडे कोणाला तरी विजेचे झटके बसून तो ओरडतो आहे असं त्याला ऐकू येतं. झटके खोटे असतात, ओरडणं खोटं असतं. दाबणं तेवढं खरं. आमच्या पालक मेळाव्याला हे दाखवायची कल्पना माझीच. पोरींनी खोका बनवला, त्यावर बारा बटणं, बारा बल्ब. पडद्यामागे पोरींनी पाळीपाळीनं बसायचं आणि तोंडावर ओढणी धरून ओरडायचं. काय ओरडायचं ते मी कागदावर लिहून दिलं होतं. पाचव्याला 'आई गं', आठव्याला 'बस करा', दहाव्याला रडायचं, अकराव्यापासून एकदम गप्प. मी केमिस्ट्रीचा पांढरा कोट घालून समोर बसले. माझी वाक्यं दोनच. "पुढचं बटण दाबा." आणि, "थांबायचं नाही, प्रयोग पूर्ण व्हायला हवा." संपलं की पडदा सारायचा, पोरगी हसत बाहेर यायची, पालकही हसायचे. दुपारपर्यंत मजेत चाललं होतं.

मग एक शेतकरी काका आले. संग्रामपूरकडचे, वांगी-मिरची लावणारे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा. चपला दाराबाहेर काढून आत आले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले. कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढले होते.

"हे दाबू का जी, मॅडम?"

"दाबा."

हलक्या बोटानं दाबत गेले, रोपाला बोट लावावं तसं. पाचव्याला आवाज आला तसे दचकले. आठव्याला हात थांबला. माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, कोणी पोरगी रडून राह्यली जी."

"पुढचं बटण दाबा."

त्यांनी दाबलं. दहाव्याला पडद्यामागून हुंदके यायला लागले. कागदावर लिहिले होते त्याहून जास्त. पोरगी काय छान करते आहे, असं माझ्या मनात आलं. काकांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले.

"हे बराबर नाही वाटत मॅडम."

"थांबायचं नाही. प्रयोग पूर्ण व्हायला हवा."

अकरा. बारा. पडद्यामागे एकदम शांत.

मी कोट काढला, टाळी वाजवली, "काका, सगळं खोटं होतं! ये गं बाहेर!" पडदा सरकला. प्रतिभा बाहेर आली. हातात ओढणी, तोंड सुजलेलं. ती हसत नव्हती. काका तिच्याकडे पाहत राहिले, मग बटणांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तेव्हा मला कळलं, हे तिचे वडील.

ती म्हणाली, "आबा, चला. पावणेपाचची एसटी हाये."

दोघं निघाले. दाराबाहेर चपला घालताना ते वळले. मला हात जोडले.

"आवाज मले ओळखीचा वाटला होता मॅडम. पण तुम्ही पुढचं म्हणलं."

सोमवारी प्रतिभा वर्गात आली. तास झाल्यावर मी तिला थांबवून घेतलं. माफी मागितली. म्हटलं, "तू त्यांचा आवाज ओळखला असशील ना? मग हाक का नाही मारलीस?"

"ओळखला होता जी. पहिल्याच बटणाले." ती वहीच्या कोपऱ्याशी खेळत होती. "पण हाक मारायचं कागदावर नव्हतं."

मी विचारलं, "घरी कसे आहेत ते?"

"चांगले हायेत. मले काहीच म्हणले नाहीत." मग म्हणाली, "पण मॅडम, आबा आता मले कोणतंच काम सांगत नाहीत. जेवाले वाढ, असंही म्हणत नाहीत. सोता उठतात, अन् सोताच्या हातानं वाढून घेतात."